लाकडावरची अळंबी आणि त्यांची ओळख

१८१० साली दोन युद्धनौका पाण्यात उतरल्या. एक इंग्लंडात डेप्टफर्डला बांधलेली शंभरावर तोफांची ‘क्वीन शार्लट’. दुसरी आपल्या मुंबईच्या गोदीत जमशेटजी बोमनजी वाडियांच्या हाताखाली सागापासून घडलेली ‘मिंडेन’. जमशेटजींचे नाव राहिले. ज्यांनी तो साग तासला त्या सुतारांची नावे मला तरी कोठे वाचावयास मिळाली नाहीत.

‘क्वीन शार्लट’चे लाकूड समुद्र पाहण्यापूर्वीच कुजले. नेपोलियनशी युद्ध जुंपलेले, सरकारला घाई, म्हणून ओले लाकूड वापरले. त्यात जहाजाचा तळ कोंदट. फळ्याफळ्यांतून अळंबी फुटली. तेव्हा १८१२ साली नौदलाने जेम्स सॉवर्बी यांना बोलाविले. हे गृहस्थ प्राध्यापक नव्हते, पेशाने चित्रकार होते. इंग्लंडातील अळंब्यांची रंगीत चित्रे त्यांनी १७९७ पासून भागाभागाने छापली होती. शिवाय खाण्याजोगे कोणते व विषारी कोणते हे सामान्य माणसास कळावे म्हणून मातीच्या प्रतिकृती करून त्यांनी त्या लोकांना दाखविल्या. ओळख पटविण्याचे साधन कसे असावे, याचा याहून चांगला नमुना मला ठाऊक नाही.

पण नाव कळले म्हणजे कारण कळले असे नव्हे. अळंबे हे कुजण्यातून उपजते, असेच पुष्कळ विद्वान तेव्हा मानीत. जर्मन वनशास्त्रज्ञ रोबेर्ट हार्टिग यांनी १८७४ आणि १८७८ च्या ग्रंथांत उलट दाखविले: खोडाबाहेर दिसणारे अळंबे आणि लाकडाच्या आत पसरलेले तंतू हा एकच जीव, आणि कूज ही त्याची करणी. प्रत्येकाची कुजविण्याची तऱ्हाही निराळी. लाकूड पांढुरके, तंतुमय, स्पंजासारखे झाले तर बुरशीने लिग्निनही खाल्ले आहे. तपकिरी होऊन चौकोनी तुकड्यांनी तडकले तर सेल्युलोज गेले व लिग्निन मागे राहिले. या दुसऱ्या प्रकारात लाकडाचे बळ फार लवकर जाते. वासा मोडतो तेव्हा तो मालकाच्या अंगावर क्वचितच पडतो, म्हणून हा भेद कामगाराने शिकून घ्यावा असे मी म्हणतो.

युरोपातील चित्रग्रंथ सुंदर खरे, परंतु आपल्या आंब्या-सागावरच्या अळंब्यास ते पुरे पडत नाहीत. हे काम आपल्याकडे कलकत्त्याला सहायराम बोस यांनी बंगालच्या छिद्रयुक्त अळंब्यांवर केले. पुढे डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेतील बी. के. बक्षी यांचा झाडे व इमारती लाकूड यांवरील अशा अळंब्यांचा ग्रंथ १९७१ साली निघाला. अजूनही हाताशी ठेवावा असा तो आहे, मात्र त्यातील काही नावे आता बदलली आहेत. पुण्यात १९४६ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत, म्हणजे आजच्या आघारकर संशोधन संस्थेत, अजरेकरांच्या नावाचा वाळविलेल्या नमुन्यांचा संग्रह आहे. चित्रापेक्षा नमुना बरा. त्यावर छिद्रे मोजता येतात, सूक्ष्मदर्शक लावता येतो.

नमुना नेताना नुसते अळंबे उपटून नेऊ नये. खालची बाजू घासली जाऊ देऊ नये. तेथील छिद्रे वा पापुद्रे हीच मुख्य खूण. प्लास्टिकच्या पिशवीत ते सडते, कागदाच्या पुडीत नीट वाळते. पुडीवर झाडाचे नाव, जागा, तारीख लिहावी. अळंबे मुळाशी होते की फांदीवर, झाड जिवंत होते की मेलेले, हेही लिहावे. आणि कुजलेल्या लाकडाची एक ढलपी सोबत ठेवावी.