मुडी आणि मधमाशी

अंबरनाथ पूर्वेला इ. स. १०६० मधले शिवमंदिर आहे. आज त्याच्याभोवती इमारती दाटल्या असल्या, तरी हा सारा मुलूख भाताचा. भात म्हटले की पेंढा आला आणि पेंढा आला की मुडी आली. पेंढ्यात गुंडाळून, दोरीने करकचून आवळलेल्या मुडीत कोकणातल्या शेतकऱ्याने पिढ्यान्पिढ्या धान्य राखले. पुढे मुडी हे मापच झाले.

युरोपातल्या शेतकऱ्याने पेंढ्यात मधमाश्या पाळल्या. उपड्या टोपलीसारख्या या घराला इंग्रजीत ‘स्केप’ म्हणतात. गंमत म्हणजे हा शब्दही मुळात टोपलीचा आणि धान्याच्या मापाचा! ते विणायचे कसे? गव्हाचा किंवा राय धान्याचा लांब पेंढा भिजवायचा आणि गाईच्या शिंगाच्या कड्यातून ओवायचा. म्हणजे जाडी सारखी राहते. मग काटेरी झुडपाच्या चिरलेल्या सालीने, हाडाच्या सुईने एकेक वेटोळे आधीच्या वेटोळ्याला शिवत जायचे. वरून शेणाचा लेप, अगदी आपली कणगी सारवतात तसा.

पण या देखण्या घरात एक खोट होती. आतली पोळी छताला चिकटलेली. ती कापल्याशिवाय मध मिळत नसे. त्यासाठी बहुधा गंधकाच्या धुराने माश्याच मारल्या जात.

आपल्याकडे पेंढा होता, माश्याही होत्या. मग असे घर का झाले नाही? एक तर कोकणच्या पावसात उघड्यावरचा पेंढा टिकणार किती? शिवाय आपला मध रानातून येई. आग्या माशी कड्यांवर आणि उंच झाडांवर, तर सातेरी झाडांच्या ढोलीत. मात्र पोळे जाळून, अंड्यापिल्लांसकट पिळण्याची आपली रीतही काही दयाळू नव्हती.

उत्तर सापडले १८५१ मध्ये, अमेरिकेत. दोन चौकटींत साधारण सहा ते नऊ मिलिमीटर अंतर ठेवले, तर माश्या ती वाट मोकळीच ठेवतात, हे लॅंगस्ट्रॉथ या धर्मोपदेशकाने ओळखले. चौकट अलगद उचलावी, मध काढून पोळे परत ठेवावे. महाबळेश्वरला १९४६ मध्ये मधमाशीपालनाचे संघटित काम सुरू झाले, ते अशाच लाकडी पेट्यांवर. पेंढ्याची पायरी आपण ओलांडलीच नाही; थेट पुढच्या पायरीवर गेलो. तिथले मांघर २०२२ मध्ये देशातले पहिले ‘मधाचे गाव’ झाले.

इंग्लंडमध्ये पेंढ्याची ही टोपली आजही हौसेने शिकवली जाते. उठलेला थवा धरायला ती उपयोगी पडते. आपल्या मुडीला तेवढेही भाग्य नाही. बुटक्या वाणांचा पेंढा आखूड, आणि प्लॅस्टिकची गोणी स्वस्त. अंबरनाथच्या आसपास कुणा आजोबांना अजून मुडी बांधता येत असेल, तर शेजारी बसून ती शिकून घ्यावी. तिच्यात बियाणे ठेवावे. मधमाशी मात्र लाकडी पेटीतच बरी.