अटॅकची व्याख्या

मागच्या दिवाळीत घरचं कपाट आवरताना काकांची जुनी फाईल सापडली. 1998 सालची. तेव्हा हिंगोली जिल्हा नव्हता, परभणीतला तालुकाच होता (जिल्हा झाला 1 मे 1999 ला). काका मोंढ्यात अडतीवर मुनीम होते. एका सकाळी छातीत कळ आली, दरदरून घाम फुटला. नांदेडला नेलं. ईसीजी ठीक. रक्तातलं सीपीके-एमबी किंचित जास्त, पण दुप्पट नाही. डॉक्टर म्हणाले, "अटॅक नाही." काका लगेच म्हणाले, "गॅसच असेल." झालं. कसलीही गोळी न घेता घरी आले.

डॉक्टर चुकले का? तेव्हाच्या नियमाने नाही! जागतिक आरोग्य संघटनेच्या जुन्या व्याख्येत तीनपैकी दोन गोष्टी लागत: छातीतलं दुखणं, ईसीजीतला ठराविक बदल आणि रक्तात एन्झाइम वाढणं, तेही बहुतेक ठिकाणी दुप्पटीच्या वर. काकांना एकच गुण मिळाला, नापास.

ही एन्झाइमची भानगड 1954 ची. न्यूयॉर्कच्या कार्मन, व्रोब्लेव्स्की आणि लाड्यू यांनी दाखवलं, की अटॅकनंतर रक्तात एसजीओटी वाढतं. हो, तेच एसजीओटी, जे आज आपण लिव्हरच्या रिपोर्टात बघतो. लिव्हर, स्नायू, कुठलीही इजा झाली तरी ते वाढतं, म्हणजे आमच्या भाषेत फॉल्स अलार्म फार. मग सीपीके आलं, त्याचा एमबी प्रकार आला. 1989 च्या सुमारास जर्मनीत ह्यूगो काटुस यांनी ट्रोपोनिन टी मोजायची चाचणी दिली. हृदयाच्या स्नायूतलं हे प्रथिन हाता-पायाच्या स्नायूतल्यापेक्षा वेगळं, त्यामुळे इवलीशी इजासुद्धा दिसते.

आणि सप्टेंबर 2000 मध्ये युरोपच्या आणि अमेरिकेच्या हृदयरोग संघटनांनी व्याख्याच बदलली. रक्तपुरवठा तुटून हृदयाचा थोडासाही स्नायू मेला तरी तो अटॅक. उंबरठा काय? 100 निरोगी माणसं रांगेत उभी केली तर 99 जणांचं ट्रोपोनिन ज्या आकड्याखाली येईल, तो आकडा. दुप्पट वगैरे गेलं.

कोड तेच, स्पेक बदलला! कालचे 'गॅसवाले' कितीतरी जण एका रात्रीत हृदयरोगी झाले. उलटा गोंधळही झाला, कारण किडनी बिघडली किंवा अंगभर जंतुसंसर्ग झाला तरी ट्रोपोनिन वाढतं. म्हणून 2007, 2012 आणि 2018 मध्ये व्याख्या पुन्हा घासली. आता आकड्याची चढउतार तर हवीच, शिवाय दुखणं, ईसीजी, सोनोग्राफी असा काहीतरी दुसरा पुरावाही हवा. आकडा एकटाच वर असेल तर ती नुसती इजा, अटॅक नव्हे. मला हे पटतं.

काका 2001 मध्ये गेले. मोठा अटॅक, मोंढ्यातच. 98 सालीच नाव मिळालं असतं तर रोजची अ‍ॅस्पिरिन तरी चालू झाली असती, असं मला वाटत राहतं. त्यांचं ट्रोपोनिन कधी तपासलंच नाही, त्यामुळे खात्रीने बोलता येत नाही.

असो. त्या रिपोर्टात सीपीके-एमबीच्या आकड्याखाली तांबड्या पेनाने रेघ मारलेली आहे. कोणी मारली, काकूंना विचारलं. त्यांनाही आठवत नाही.