घोड्यांमधील सांसर्गिक गर्भपात : केंटकीतील विषाणूशोधाचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना :
अमेरिकेतील केंटकी राज्याचा लेक्सिंग्टन परिसर थरोब्रेड अश्वपैदाशीसाठी जगप्रसिद्ध आहे. घोडीचा गर्भकाळ सुमारे ११ महिन्यांचा असतो व तिला सहसा एकच शिंगरू होते. त्यामुळे अखेरच्या महिन्यांतील गर्भपात म्हणजे पैदाशीचे संपूर्ण वर्ष वाया जाणे होय. या हानीच्या कारणांविषयीची समज कशी बदलत गेली, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

विषाणूचा शोध :
विसाव्या शतकाच्या प्रारंभी या गर्भपाताचे कारण म्हणून साल्मोनेला जिवाणूकडे पाहिले जात असे. तथापि, अनेक घटनांत हा जिवाणू आढळत नव्हता. केंटकी कृषी प्रयोग केंद्रातील डिमॉक व एडवर्ड्स यांनी १९३३ मध्ये अशा गर्भपातामागे, जिवाणूंना अडविणाऱ्या गाळणीतूनही पार होणारा विषाणू असावा, असे प्रतिपादन केले. १९५० च्या दशकात केंटकीतच डॉल व त्यांच्या सहकाऱ्यांनी या विषाणूचा संबंध शिंगरांच्या श्वसनविकाराशी जोडला. वरवर किरकोळ भासणारी शिंगरांची सर्दी गाभण घोडीच्या दृष्टीने धोक्याची सूचना ठरली. पुढे १९८० च्या दशकात दोन विषाणू वेगळे ओळखले गेले. गर्भपाताच्या साथी प्रामुख्याने अश्व हर्पिस विषाणू-१ मुळे उद्भवतात, हे स्पष्ट झाले.

प्रतिबंधाची बदलती दिशा :
बाधित घोडी बहुधा निरोगी दिसते आणि गर्भ अचानक पडतो. पडलेला गर्भ, वार व स्राव यांतून संसर्ग इतर घोड्यांपर्यंत पोहोचतो. शिवाय हा विषाणू एकदा बाधा झालेल्या जनावराच्या शरीरात सुप्तावस्थेत राहतो व प्रवास, आजार यांसारख्या ताणानंतर पुन्हा सक्रिय होऊ शकतो. म्हणूनच केवळ नव्या जनावरांचे विलगीकरण पुरेसे ठरत नाही. गाभण घोड्यांचे लहान व स्थिर गट करणे, त्यांना शिंगरांपासून दूर ठेवणे आणि प्रत्येक गर्भपाताची प्रयोगशाळेत तपासणी करणे आवश्यक ठरते. लसीकरणाने साथीची तीव्रता घटते. मात्र संपूर्ण संरक्षण मिळत नाही. भारतातही हिस्सार येथील राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राने देशी विषाणूपासून लस विकसित केली आहे.

निष्कर्ष :
या इतिहासात लक्षाचे केंद्र गर्भ गमावलेल्या एका घोडीवरून संपूर्ण कळपाकडे सरकलेले दिसते. रोगजंतूचा शोध प्रयोगशाळेत लागला. परंतु त्या ज्ञानाचे फलित कुरणे व तबेल्यांच्या दैनंदिन शिस्तीवरच अवलंबून राहिले, हे येथे अधोरेखित होते.