‘अमुक’ची जागा : छापील नमुन्यापासून ऑनलाइन सातबाऱ्यापर्यंत

आजचा विषय कळल्यावर दोघा-तिघांनी मला आधीच विचारलं, ‘सर, तुम्ही तत्त्वज्ञानाचे. सातबाऱ्याशी तुमचा काय संबंध?’ प्रश्न रास्त आहे. संबंध दोन प्रकारचा आहे. एक म्हणजे गावाकडे आमची थोडी वडिलोपार्जित जमीन आहे. दुसरा असा की, चार वर्षांपूर्वी त्या जमिनीचा उतारा मी ऑनलाइन काढला, तर त्यात माझी आत्या नव्हती.

आत्या हयात आहे, तेव्हाच ऐंशी ओलांडली होती. हस्तलिखित सातबाऱ्यावर तिचं नाव होतं, मी स्वतः पाहिलेलं. नव्या उताऱ्यावर माझं नाव, भावाचं नाव, क्षेत्र, आकार, सगळं स्वच्छ टाइपात. खाली डिजिटल सही. आणि आत्या गायब. मी ते तीनदा वाचलं तेव्हा लक्षात आलं. पहिल्या दोन वाचनांत मला काहीच खटकलं नव्हतं. हे का खटकलं नाही, हा आजच्या व्याख्यानाचा प्रश्न. त्यासाठी जरा मागे जावं लागेल. बरंच मागे.

नमुना आधी आणि माणूस नंतर, ही युक्ती संगणकाची नाही. आपल्या घरातलं उदाहरण घ्या. पूजेला बसलं की गुरुजी संकल्प सांगतात. शक, संवत्सर, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी, वार, नक्षत्र, मग तुमचं गोत्र, तुमचं नाव. पोथीत या जागी काय छापलेलं असतं? ‘अमुक’. अमुक गोत्र, अमुक नाव. गुरुजी पंचांग बघून तिथी भरतात, यजमानाला विचारून गोत्र भरतात. म्हणजे पोथी हा साचा, पंचांग हा माहितीचा साठा आणि गुरुजी या दोघांना जोडणारा प्रोग्राम. (हशा) हसू नका, यजमानाचं गोत्र चुकीचं भरलं तर गुरुजींना कसं दटावतात ते मी पाहिलंय.

या विषयावर मीमांसकांनी फार बारीक विचार केला आहे. एका यज्ञातला मंत्र दुसऱ्या यज्ञात वापरायचा, पण देवता बदललेली आहे. मग ‘अग्नी’च्या जागी ‘सूर्य’ म्हणायचं. या बदलाला ते ‘ऊह’ म्हणतात. जैमिनीच्या सूत्रांचा नववा अध्याय प्रामुख्याने यावरच आहे: कोणता शब्द बदलायचा, कोणत्याला हात लावायचा नाही. आणि दुसऱ्या अध्यायात एक प्रश्न येतो, तो मला फार महत्त्वाचा वाटतो. बदलून घातलेला शब्द, यजमानाचं नाव, त्याचे प्रवर, यांना मंत्र म्हणायचं का? त्यांचं उत्तर आहे, नाही. साचा परंपरेने आला आहे, त्याचा अधिकार निराळा. भरलेला मजकूर आत्ता भरला आहे, त्याला तो अधिकार आपोआप मिळत नाही. दोन्ही एकाच दमात उच्चारले जातात, कानाला सलग ऐकू येतात, तरी त्यांच्यामध्ये एक सांधा आहे. हा ‘सांधा’ शब्द लक्षात ठेवा.

दस्तऐवजांत हीच रीत. गुजरातेत चौलुक्यांच्या काळातल्या आणि नंतरच्या नमुनापत्रांचा ‘लेखपद्धति’ नावाचा संस्कृत संग्रह आहे. १९२५ साली तो बडोद्याच्या गायकवाड प्राच्यविद्या मालेत छापला गेला. खत, गहाण, राजाज्ञा कशी लिहावी याचे नमुने, आणि नावांच्या जागी पुन्हा आपला ‘अमुक’. तिकडे फ्रँकांच्या राज्यात सातव्या शतकात मार्कुल्फ नावाच्या भिक्षूने असाच संग्रह लॅटिनमध्ये केला. त्याच्या नमुन्यात नावाच्या जागी ‘इले’ येतं, म्हणजे ‘तो’. दोघांनी एकमेकांचं काही वाचलेलं असण्याची शक्यता नाही. गरज एक होती, म्हणून उत्तर एक निघालं.

पण हे नमुने नकलून काढायचे होते. लेखनिक अख्खा कागद हाताने लिहायचा, त्यामुळे साचा आणि भरणा एकाच शाईत. साचा छापायचा आणि भरणा हाताने करायचा, ही पुढची पायरी छापखान्याने आणली. गुटेनबर्ग म्हटलं की आपल्याला बायबल आठवतं. पण त्या मेन्झच्या छपाईतल्या तारीख असलेल्या सर्वांत जुन्या वस्तूंमध्ये येतात ती पापमुक्तीची प्रमाणपत्रं. सायप्रसच्या मदतीसाठी पैसा गोळा करायचा होता, देणगी देणाऱ्याला पापक्षमेचा कागद मिळायचा. एका पानाचा छापील मजकूर, आणि नाव, गाव, तारीख यांच्यासाठी कोरी जागा. भरलेल्या प्रतींपैकी सर्वांत जुनी २२ ऑक्टोबर १४५४ची आहे, एरफुर्टची. म्हणजे युरोपातल्या धातूच्या खिळ्यांच्या छपाईने अगदी सुरुवातीलाच जे काम केलं, त्यात कोरा फॉर्म होता! साल छापायचं की कोरं ठेवायचं ही अडचण तेव्हाच सुरू झाली असणार. माझ्या पिढीला आठवत असेल, चेकवर ‘१९’ छापलेलं असायचं आणि २००० साल उजाडल्यावर आपण ते खोडत बसलो होतो.

छापील फॉर्मने एक मोठी गोष्ट केली, ती अशी की सांधा डोळ्यांना दिसू लागला. छपाई सरकारची किंवा चर्चची, हस्ताक्षर कारकुनाचं. कोरी राहिलेली जागा कोरी दिसायची. खाडाखोड दिसायची.

आता आपल्या सातबाऱ्याकडे येऊ. मुंबई इलाख्यात जमिनीची मोजणी आणि प्रतवारी इंग्रजांनी मन लावून केली. प्रिंगलचा पुणे जिल्ह्यातला प्रयत्न फसला, मग १८३०च्या दशकात इंदापूर तालुक्यापासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नव्याने सुरुवात केली. पण त्या मोजणीचा रोख सारा कोण भरणार यावर होता. जमिनीत कोणाकोणाचे काय हक्क आहेत, याची नोंद ठेवणारा कायदा मुंबई इलाख्यात १९०३ साली आला. गावच्या दफ्तराचे नमुने क्रमांकाने ठरले. आज ते गाव नमुना एक ते एकवीस असे आहेत. त्यातला सात म्हणजे अधिकार अभिलेख, बारा म्हणजे पिकांची नोंद. दोन्ही एका कागदावर आले म्हणून सातबारा. सहा म्हणजे फेरफाराची नोंदवही, आठ-अ म्हणजे खातेउतारा. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ची. तिच्या कलम १५७ प्रमाणे अधिकार अभिलेखातली नोंद, उलट सिद्ध होईपर्यंत, खरी धरली जाते. ‘उलट सिद्ध होईपर्यंत’ हे शब्द फार मोलाचे आहेत.

हस्तलिखित सातबारा ज्यांनी पाहिला असेल त्यांना आठवेल, तो एका नजरेत वाचता येत नसे. एखादा खातेदार वारला की त्याच्या नावाला तलाठी भाऊसाहेब कंस करायचे, खाली वारसांची नावं, शेजारी फेरफाराचा क्रमांक. तीन पिढ्या एका चौकटीत दाटीवाटीने राहायच्या. शाई वेगवेगळी, अक्षर वेगवेगळं. कोणती नोंद कोणत्या भाऊसाहेबांच्या काळातली, हे अक्षरावरून सांगणारी माणसं गावात होती. त्या कागदाला इतिहास होता आणि तो कागदावरच होता.

ऑनलाइन उतारा ही निराळी जात आहे. तो कुठेही ‘ठेवलेला’ नसतो. तुम्ही गाव आणि गट क्रमांक टाकता, तो सर्व्हरकडे जातो, सर्व्हर डेटाबेसला प्रश्न विचारतो, उत्तरादाखल ओळी येतात, त्या साच्यात बसतात, पीडीएफ तयार होते, तिच्यावर डिजिटल सही असते. तुम्ही मागितला म्हणून तो कागद जन्मला. यातले सगळे भाग एकेक करून आले. १९७० साली आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी माहिती तक्त्यांच्या रूपात ठेवण्याची गणिती कल्पना मांडली. १९९३च्या सुमारास वेब सर्व्हरला मागणीगणिक प्रोग्राम चालवता येऊ लागला. त्याच वर्षी अडोबीचं पीडीएफ आलं, आणि १९९६ला त्यात भरता येणारे फॉर्म आले. १९९५ला रासमुस लेरडॉर्फ यांनी पीएचपी जाहीर केलं. त्याच्या सुरुवातीच्या आवृत्तीचं नाव होतं ‘पीएचपी-एफआय’, त्यातलं एफआय म्हणजे ‘फॉर्म्स इंटरप्रिटर’, फॉर्मचा अर्थ लावणारा. आमचे गुरुजीच की! कायद्याची बाजू २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने पुरी केली, डिजिटल सहीला मान्यता मिळाली. महाराष्ट्रात १ मे २०१८ रोजी डिजिटल सहीचा सातबारा सुरू झाला, घरबसल्या. मी या सोयीचा टीकाकार नाही. एका उताऱ्यासाठी चार हेलपाटे मारलेला माणूस तिच्यावर टीका करणार नाही.

पण यात सांधा कुठे गेला? साचा आणि भरणा एकाच टाइपात, एकाच क्षणी, एकाच यंत्रातून आले. छापील कोणतं आणि भरलेलं कोणतं, हे आता डोळा सांगू शकत नाही. सहीबद्दलही गैरसमज आहे. ती सही सांगते की हा कागद निघाल्यानंतर कोणी बदललेला नाही. आत लिहिलेलं खरं आहे, हे ती सांगत नाही. सांगूही शकत नाही.

याहून गंभीर गोष्ट अभावाची आहे. नैयायिकांचं नेहमीचं उदाहरण तुम्हाला माहीत आहे, जमिनीवर घट नाही. घटाचा अभाव आपल्याला कळतो कसा? भाट्ट मीमांसक म्हणतात, त्यासाठी अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण माना. नैयायिक म्हणतात, गरज नाही, तो प्रत्यक्षच कळतो. वाद मोठा आहे, पण एका गोष्टीवर दोघांचं एकमत आहे. अभाव कळायला रिकामी जमीन समोर लागते. घट जिथे असायला हवा होता ती जागा दिसली पाहिजे.

छापील फॉर्ममध्ये ती जागा होती. पाच ओळींपैकी दोन कोऱ्या, एक खोडलेली. डेटाबेसमधून निघालेल्या कागदाला मात्र जितक्या नोंदी तितक्याच ओळी. तीन खातेदार असतील तर तीन, दोन असतील तर दोन. तिसरा गळला तर तक्ता आखडतो आणि पुन्हा नीटनेटका दिसतो. जमीनच आकसते, मग घट नाही हे दिसणार कुठे? संगणकशास्त्रात याला आधार देणारं एक गृहीतक आहे, रेमंड रायटर यांनी १९७८ साली ते नेमकेपणाने मांडलं: साठ्यात जे नाही, ते खोटं धरावं. रेल्वेच्या वेळापत्रकाला ते शोभतं. तक्त्यात गाडी नाही म्हणजे गाडी नाही. पण तक्त्यात आत्या नाही म्हणजे आत्याचा हक्क नाही, असं कसं म्हणणार?

हे घडलं कसं, ते नंतर जुनी प्रत काढली तेव्हा उलगडलं. वडील वारल्यावर त्यांच्या नावाला कंस झाला होता. कंस करणाऱ्याचा हात जरा सैल असावा. कंसाचं खालचं टोक पुढच्या ओळीत उतरलं होतं, आणि त्या ओळीत आत्याचं नाव होतं. माहिती भरणाऱ्याने तो कंस दोन नावांचा समजला आणि दोन्ही कमी केली. मी त्याला दोष देत नाही. ढिगाने कागद, घाईचं काम, समोर एक वाकडी रेघ. कागदावर ती रेघ संदिग्ध होती, कोणीतरी थांबून ‘हे काय आहे?’ विचारू शकत होतं. डेटाबेसला वाकडी रेघ माहीत नाही. तिथे नाव आहे किंवा नाही.

अशा चुका होणार हे महसूल खात्याला माहीत होतं, हेही सांगायला हवं. हस्तलिखित आणि संगणकीकृत उतारे ताडून पाहिले गेले. २०१७ साली गावोगावी चावडीवाचन झालं, म्हणजे संगणकातल्या नोंदी लोकांसमोर मोठ्याने वाचायच्या आणि हरकती घ्यायच्या. मला ही कल्पना फार आवडते. जो अभाव डोळ्याला दिसत नाही, तो ऐकणाऱ्याच्या स्मृतीला बोचतो. ‘अहो, यांची बहीण राहिली की,’ असं कोणीतरी मागून म्हणतं. ती रिकामी जमीन कागदावर नसली तरी माणसांच्या डोक्यात असते. आमच्या बाबतीत असं झालं की मी पुण्यात, भाऊ नाशिकला, आत्या सासरी. चावडीवर आमच्यापैकी कोणी नव्हतं. गावात उरलेल्या बायकांना आत्या आठवत होती, पण वाचनाला त्या गेल्या नव्हत्या. लग्न होऊन गेलेल्या मुलींची नावंच अशी जास्त गळत असतील का, हा प्रश्न मला तेव्हापासून पडला आहे.

पुढचं थोडक्यात सांगतो. लेखनप्रमादाची दुरुस्ती कलम १५५ खाली होते. अर्ज केला, सोबत जुन्या सातबाऱ्याची आणि फेरफाराची नक्कल जोडली. हा फेरफार क्रमांक फार कामाचा. आज उताऱ्यावर सांधा कुठे शिल्लक असेल तर तो नावाशेजारच्या त्या क्रमांकात आहे. हे नाव इथे कोणत्या घटनेने आलं, हे तो सांगतो. तुमचा उतारा काढाल तेव्हा नावं वाचून थांबू नका. प्रत्येक क्रमांकाचा फेरफार मागवा, आणि जुनी हस्तलिखित प्रत घरात असेल तर कृपा करून रद्दीत देऊ नका.

सात-आठ महिने लागले. दुरुस्तीचा फेरफार मंजूर झाला त्या संध्याकाळी मी पंधरा रुपये भरून उतारा पुन्हा काढला. तक्ता एका ओळीने वाढला होता. छापून तो आत्याकडे नेला. तिने चष्मा लावून स्वतःचं नाव वाचलं, मग कागद उलटा करून मागे बघितलं आणि मला विचारलं, ‘यावर कोणाचं अक्षर नाही का रे?’