परसातली खुडूक

पंधराएक अंडी घालून झाली की गावठी कोंबडी खुडूक बसते. अंगाखाली अंडी असोत वा नसोत, ती पिसे फुलवून कोपरा धरते, जवळ आलेल्या हातावर चोच मारते आणि दाण्यापाण्यापुरतीच उठते. प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढल्याने असे होते आणि तेवढे दिवस अंडी बंद राहतात. महाराष्ट्रातल्या परसातल्या कोंबडीपालनाचा गेल्या सत्तर वर्षांचा इतिहास या एका सवयीपाशी येऊन अडतो.

जुन्या व्यवस्थेत खुडूक ही घराची दौलत होती. भुसा घातलेल्या पाटीत दहा-बारा अंडी मांडून घरची बाई कोंबडी बसवी. एकविसाव्या दिवशी पिल्ले बाहेर पडत. उकिरडा उकरायला आईच शिकवी, घार दिसताच तीच पंखाखाली घेई आणि दिवस मावळला की सगळा कबिला डालग्याखाली डालला जाई. सांडलेले दाणे, कोंडा आणि किडे एवढाच खुराक. वर्षाकाठी अंडी पन्नास-साठच, पण पिल्ले विकत आणावी लागत नसत. मनुस्मृतीने द्विजांना गावकोंबडा निषिद्ध ठरवला होता. तो पाळला, जपला तो कुणबी, कोळी, महार, आदिवासी घरांनी. कोकणात राखणदाराला देण्यासाठी कोंबडा लागे, आठवडे बाजारात अंडी खपत आणि त्या पैशांतून मीठ-मिरची येई.

तिकडे अमेरिकेत मात्र खुडूक हा दोष ठरला. इटलीतल्या लिव्होर्नो बंदरावरून नाव पडलेली लेगहॉर्न जात निवडीनिवडीने अशी घडवली गेली, की ती उबवायला बसणेच जवळजवळ विसरली. कॅलिफोर्नियातल्या पेटालुमा गावी १८७९ साली लायमन बाइस यांनी उबवणी यंत्र तयार केले. अशी यंत्रे वाढत गेली, तशी आईची गरज उरली नाही.

स्वातंत्र्यानंतर हीच पांढरी लेगहॉर्न आणि तांबडी ऱ्होड आयलंड रेड आपल्या गावांत आली. १९५२ साली सुरू झालेल्या समुदाय विकास कार्यक्रमाच्या काळात सुधारित नर देऊन गावठी कोंबडीचा संकर करण्यावर भर होता. अंडी वाढली, खुडूक कमी झाली. पांढरी कोंबडी घारीच्या नजरेत सहज भरे, हा आणखी एक तोटा. आता पिल्ले बाहेरून आणणे आले. खडकी, कोल्हापूर, औरंगाबाद आणि नागपूर इथली सरकारी मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रे हेच काम करू लागली. पुढे डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१ साली सुरू केलेल्या वेंकटेश्वरा हॅचरीजने पुण्यातून या धंद्याचा चेहरा बदलला. १९८२ साली राष्ट्रीय अंडी समन्वय समिती उभी राहिली. पिंजऱ्यातली कोंबडी वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी देऊ लागली आणि शहरातल्या गरिबाच्या ताटात स्वस्त प्रथिने आली. ही मिळकत मोठीच आहे.

परसाचे दुखणे मात्र वेगळे होते.

ते दुखणे म्हणजे राणीखेत, गावातली मानमोडी. ही साथ आली की दोन-चार दिवसांत खुराडे रिकामे होते. लासोटासारखी लस आहे. पण कुपी शंभर किंवा त्याहून जास्त पक्ष्यांची, ती थंड ठेवावी लागते आणि कालवली की लगेच संपवावी लागते. आठ कोंबड्यांच्या घराने ती आणायची कशी? जात सुधारण्यावर जेवढा जोर लागला, तेवढा या कुपीवर लागला असता तर असंख्य खुराडी वाचली असती.

१९८९ साली बेंगळुरूच्या कृषी विद्यापीठातून गिरिराज आली, नंतर हैदराबादच्या संशोधन संस्थेतून वनराज. रंगीत पिसे, पळायला लांब पाय, वर्षाला शंभराच्या वर अंडी: परसाची गरज ओळखून केलेली ही पैदास. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापुरात बर्ड फ्लूची देशातली पहिली साथ आली आणि फार्मांतल्या पक्ष्यांबरोबर भोवतालच्या परसांतल्या कोंबड्याही माराव्या लागल्या. तरीही २०१९च्या पशुगणनेत देशातली परसातली कोंबडी ३१ कोटी ७० लाखांवर पोचली होती, आधीच्या गणनेपेक्षा जवळपास ४६ टक्के जास्त.

वनराजही उबवायला बसत नाही. म्हणून तिची फलित अंडी आजही बायका गावठी खुडूक कोंबडीखाली ठेवतात. त्या पिल्लांसाठी साऱ्या वाडीने एकाच सकाळी लसीची एक कुपी वाटून घेतली, तर मानमोडीला अटकाव करणे आजही शक्य आहे.