दुःखाच्या दिवसांतले गाणे

कामगार चळवळीत आमचे निम्मे आयुष्य गेले. तेथे एक आक्षेप आम्ही नेहमी ऐकत आलो. गाण्याने माणूस निजतो, भाकरीची भूक भजनात विसरतो, सबब गाणे मालकाच्या फायद्याचे! हा आक्षेप पुस्तकी आहे. आमच्या मराठवाड्याचा इतिहास काही वेगळेच सांगतो.

प्रथम जाते घ्या. गावोगाव पिठाच्या गिरण्या येण्यापूर्वी बाया पहाटे अंधारात दळीत आणि दळताना ओव्या म्हणत. सासरचा जाच, दूरचा भाऊ, गेलेले लेकरू, हे चारचौघांत बोलण्याची सोय नव्हती, जात्यापुढे होती. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी कार्यकर्त्यांसह खेडोपाडी हिंडून एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. त्यांत बीड जिल्ह्यातील माजलगावच्या बायांनी बाबासाहेब आंबेडकरांवर गायिलेल्या ओव्याही आहेत. ज्या चालीवर दुःख सांगितले, तिच्यावरच अभिमानही सांगितला.

निजामी राजवटीत तर गाणे हाच गुन्हा ठरला. १९२९ च्या गश्ती निशाण ५३ या हुकुमाने सभेवर परवानगीची अट आली होती. १९३८ साली औरंगाबाद व हैदराबाद येथील वसतिगृहांतील विद्यार्थी प्रार्थनेच्या वेळी ‘वंदे मातरम्’ म्हणू लागले. घरापासून दूर असलेल्या पोरांना तेवढाच धीर. सरकारने मनाई केली, पोरांनी संप केला, शेकड्यांनी त्यांची नावे कमी झाली. पुष्कळांना नागपूर विद्यापीठाने आसरा दिला. पुढे पंतप्रधान झालेले नरसिंह राव त्यांतलेच. निजणाऱ्या माणसांची एवढी धास्ती कोणते सरकार घेईल?

स्वातंत्र्यानंतरही कठीण दिवस संपले नाहीत, आणि ते आपल्याच माणसांनी आणले हे सांगताना जीभ जड होते. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि दंगली उसळल्या. दलितांची घरे जाळली गेली. नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळे यांचा खून झाला. अशा वस्तीत सांत्वनाला कोण जाणार? पुढारी मोटारीतून येऊन गेले. वस्तीत राहिले ते भीमगीत. ढोलकी, पेटी, चार कोरसवाले, एवढी गायन पार्टीची पुंजी. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांची गाणी तेव्हा वस्त्यावस्त्यांत तोंडपाठ होती. दादांना शाळा मिळाली नव्हती. मुंबईत गिरणीत राबून, मोठेपणी अक्षरे गिरवून ते कवी झाले, म्हणून आम्हां बिनशाळेच्या माणसांना ते घरचे वाटतात. या गाण्यांची रात्ररात्र चालणारी सवाल-जबाबाची चढाओढ आम्हांला फारशी रुचत नाही. तीत पुष्कळदा आरडाओरड अधिक. परंतु ज्याचे घर जळाले, त्याला चौकात उजळ माथ्याने बसवून त्याच्या बापजाद्यांचा मान त्याला ऐकविणे, हे काम आमच्या युनियनच्या पत्रकांना साधले नसते. नामांतराचा लढा सोळा वर्षे टिकला, त्याचे श्रेय मोर्चांइतकेच या पेटी-ढोलकीला आम्ही देतो. २५ नोव्हेंबर १९९३ रोजी नांदेडात गौतम वाघमारे यांनी नामांतरासाठी स्वतःस जाळून घेतले. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला.

वाघमारे गेले त्याच्या दोन महिने आधी, ३० सप्टेंबरला, लातूर जिल्ह्यात किल्लारीचा भूकंप झाला होता. आदल्या दिवशी गणपती विसर्जन. मिरवणुकीचे थकलेले लोक झोपेत असता पहाटे चारच्या सुमारास दगडमातीची घरे अंगावर आली. हजारो माणसे गेली. आम्ही तेव्हा ऐन विशीत. धान्याची पोती घेऊन औसा तालुक्यातील एका गावी गेलो. दोन दिवस तेथे कोणी कोणाशी बोलत नव्हते. तिसऱ्या रात्री एका म्हाताऱ्या माळकऱ्याने ढिगाऱ्यातून काढलेले टाळ पुसले आणि भजन धरले. मृदंग नव्हता. हळूहळू माणसे येऊन बसली, काही रडली. तासाभराने भजन थांबले. कोणी कंदील जवळ घेतला आणि कोणाचे कोण गेले, कोणाला कोठल्या इस्पितळात नेले, याची यादी त्या बैठकीतच लिहावयास सुरुवात झाली.