सरकारमान्य घरपारखी

सोन्याची पारख कसोटीवर होते, धान्याची मुठींत घेऊन होते. परंतु घराची पारख कशावर करावी, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाहीं. विकणारा एक आंकडा सांगतो, घेणारा दुसरा. आणि ज्याच्या पैशावर व्यवहार व्हावयाचा तो धनको तिसराच आंकडा मनांत धरून असतो. या तिघांच्या मध्यें उभें राहून, "या घराची किंमत अमुक," असें स्वतःच्या सहीनें सांगणारा चौथा माणूस म्हणजे मूल्यमापक. अमेरिकेंत हा पेशा कसा घडला, सरकारनें त्यास आपल्या मान्यतेच्या चौकटींत कसें आणलें, आणि त्याच्या लेखणीनें कोणास घर मिळालें व कोणास नाकारलें गेलें, हा इतिहास मोठा बोधप्रद आहे.

१९२९ सालच्या मंदीपूर्वीं अमेरिकेंत घरासाठीं मिळणारें कर्ज आंखूड मुदतीचें असे. मुदत बहुधा पांचसात वर्षांची. रक्कम किंमतीच्या निम्म्याच्या आसपास. मध्यंतरीं पुष्कळदां केवळ व्याज द्यावयाचें आणि मुदतीअखेर मुद्दल एकरकमी फेडावयाचें, असा रिवाज होता. मुदत सरली कीं कर्जदार नवें कर्ज काढी आणि जुनें फेडी. सुबत्तेच्या दिवसांत हें रहाटगाडगें सुरळीत फिरलें. मंदी आली, बँका बुडाल्या, नवें कर्ज देणारा उरला नाहीं. आणि १९३३ सालीं दररोज सुमारें एक हजार घरें गहाणापायीं मालकांच्या हातून जाऊं लागलीं.

त्या वर्षाच्या जूनमध्यें अमेरिकन सरकारनें 'होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन' नांवाची संस्था काढली. तिनें सुमारें दहा लक्ष बुडीत गहाणें आपल्याकडे घेऊन लांब मुदतीचीं करून दिलीं. एवढ्या घरांची किंमत ठरवावयाची म्हणजे पारखी हवेत. आणि तेही असे, कीं बोस्टनच्या व डेन्व्हरच्या पारख्यांची मोजण्याची रीत एकच असावी. तोंवर हें काम दलाल, गवंडी, गांवचे जाणते, ज्याला जसें सुचेल तसें करीत. एकसारख्या नमुन्यावर, एकसारख्या नियमांनीं किंमत ठरविण्याची शिस्त मोठ्या प्रमाणावर प्रथम येथें लागली. पेशांतील लोकांनींही १९३२ सालीं स्वतःची एक संस्था स्थापन केली होती.

पुढील पाऊल याहून मोठें होतें. २७ जून १९३४ रोजीं अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनीं राष्ट्रीय गृहनिर्माण कायद्यावर सही केली आणि 'फेडरल हौसिंग अ‍ॅडमिनिस्ट्रेशन' हें खातें जन्मास आलें. हें खातें स्वतः कर्ज देत नाहीं. बँकेनें दिलेल्या कर्जाचा विमा उतरवितें. कर्जदार विम्याचा हप्ता भरतो. तो चुकला तर बँकेचें नुकसान त्या निधींतून भरून निघतें. या हमीमुळें घराच्या किंमतीच्या ऐंशी टक्क्यांपर्यंत, वीस वर्षांच्या मुदतीचें कर्ज शक्य झालें. १९३८ सालीं लहान घरांपुरती ही मर्यादा नव्वद टक्के व पंचवीस वर्षें झाली. दरमहा सारखा हप्ता भरावा आणि मुदतीअखेर घर मोकळें व्हावें, ही आज सर्वत्र रुळलेली पद्धत त्या देशांत यामुळेंच सर्वसामान्य झाली.

परंतु हमी देणाऱ्यानें सावध असावें लागतें. शंभराच्या घरावर पन्नास कर्ज दिलें, तर किंमत ठरविण्यांत दहावीसची चूक पचते. नव्वद दिलें, तर पचत नाहीं. म्हणून या योजनेचा सारा भार पारख्याच्या शब्दावर येऊन पडला. फ्रेडरिक बॅबकॉक यांनीं १९३२ सालीं स्थावर मालमत्तेच्या मूल्यमापनावर ग्रंथ लिहिला होता. त्यांच्याकडे नियम बांधण्याचें काम आलें. खात्याची जी नियमपुस्तिका तयार झाली, तींत घराचा पाया, भिंती, छप्पर यांबरोबर वस्तीलाही गुण देण्याची योजना होती.

येथेंच या इतिहासांतील काळें पान उलगडतें. एखाद्या वस्तींत निरनिराळ्या वंशांचे लोक राहूं लागले कीं घरांच्या किंमती घसरतात, हा समज त्या पुस्तिकेंत सिद्ध सत्याप्रमाणें मांडला होता. आणि गोऱ्यांखेरीज इतरांस घर विकूं नये अशा खरेदीखतांतील अटींची तींत शिफारस होती. कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांतील कर्जांना बहुधा हमी मिळत नसे. हमी नाहीं म्हणून बँक कर्ज देत नसे. कर्ज नाहीं म्हणून घरें डागडुजीवांचून खचत. आणि खचलेल्या घरांकडे बोट दाखवून, आपला अंदाज खरा ठरला, असें पारखी म्हणत. जें भाकीत होतें तेंच कारण झालें.

डेट्रॉइट शहरांत याचें दगडाविटांचें स्मारक उभें आहे. कृष्णवर्णीयांच्या वस्तीलगत एका बांधकाम व्यावसायिकास गोऱ्यांसाठीं घरें बांधावयाचीं होतीं. पण शेजारामुळें खात्याची हमी मिळेना. १९४१ सालीं त्यानें दोन वस्त्यांच्या मध्यें सहा फूट उंच व सुमारें अर्धा मैल लांब भिंत घातली, आणि मग हमी मिळाली. जेथें पिढ्यान्‌पिढ्या गांवकुसाबाहेर माणसें राहिलीं, त्या आपल्या महाराष्ट्रास या भिंतीचा अर्थ फोड करून सांगावयास नको. भिंतीच्या अलीकडची व पलीकडची माती एकच होती. मोल तेवढें निराळें.

१९४८ सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें अशा वांशिक अटी न्यायालयांमार्फत बजावतां येणार नाहींत असा निर्णय दिला. १९५० पासून, नव्यानें तशी अट नोंदलेल्या घरांस हमी देणें खात्यानें बंद केलें. १९६८ च्या कायद्यानें घरांच्या खरेदी-विक्रींत व कर्जांत वंशभेद करणें गुन्ह्यासारखें निषिद्ध ठरलें. तरी पेशाच्या पाठ्यपुस्तकांतून तो समज पुसला जावा म्हणून १९७६ सालीं सरकारलाच मूल्यमापकांच्या संस्थेविरुद्ध फिर्याद करावी लागली. कागदावरची रेघ पुसणें सोपें. मनावरची पुसण्यास पिढी जावी लागते.

दुसरा धडा लोभाचा होता. १९८० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील बचत-कर्ज संस्था धडाधड कोसळल्या. १९८६ ते १९९५ या काळांत एक हजारांहून अधिक बुडाल्या. चौकशींत अनेक कारणें निघालीं. त्यांत धनकोच्या मर्जीप्रमाणें फुगवून लिहिलेल्या किंमती हेंही एक होतें. तोंवर अनेक राज्यांत मूल्यमापकास परवान्याची सक्ती नव्हती. १९८९ च्या कायद्यानें प्रत्येक राज्यानें परवाना व प्रमाणपत्र द्यावें आणि सर्वांनीं एकाच आचारसंहितेनें चालावें, अशी व्यवस्था केली. पुढें घरबाजार पुन्हा कोसळला, तेव्हां २००८ च्या कायद्यानें हमीच्या कर्जांसाठीं अट आणखी कडक झाली. १ ऑक्टोबर २००९ पासून नुसता परवाना पुरेसा राहिला नाहीं, प्रमाणपत्रधारकच या यादींत राहूं शकतो. दलालीवर पोट असलेल्या कर्ज-अधिकाऱ्यानें मूल्यमापक निवडूं नये, असाही दंडक झाला.

आज या यादींत नांव घालूं इच्छिणाऱ्या माणसाची वाट लांबची आहे. प्रथम तो उमेदवार म्हणून प्रमाणित मूल्यमापकाच्या हाताखालीं राहतो. राहत्या घरांच्या प्रमाणपत्रासाठीं दोनशे तासांचें शिक्षण, किमान बारा महिन्यांत मिळून पंधराशे तासांचा अनुभव, शिक्षणाची ठरलेली पात्रता आणि राष्ट्रीय नमुन्याची परीक्षा, इतकें पार पाडावें लागतें. राज्याचें प्रमाणपत्र मिळाल्यावर तो खात्याकडे अर्ज करतो. त्याच्यावर शिस्तभंगाची कारवाई चालूं आहे काय, सरकारी कामांतून त्यास वगळलेलें आहे काय, हें पाहिलें जातें. नांव लागल्यावरही हलगर्जी आढळली तर तें काढलें जातें.

त्याचें कामही केवळ आंकडा लिहिण्याचें नाहीं. आजूबाजूस विकल्या गेलेल्या तत्सम घरांशीं तुलना तर तो करतोच. पण नळ सोडून पाहतो, माळ्यावर व जमिनीखालच्या पोकळींत डोकावतो, आणि १९७८ पूर्वींच्या घरांत रंगाचे पापुद्रे सुटले आहेत काय हें नोंदवितो, कारण त्या काळच्या रंगांत शिसें असे व तें मुलांच्या पोटांत जाण्याचें भय असतें. घर सुरक्षित, सुदृढ व राहण्याजोगें असावें, ही हमीची किमान अट आहे.

१९४० सालीं अमेरिकेंतील शंभरांपैकीं सुमारें चव्वेचाळीस कुटुंबें स्वतःच्या घरांत राहत. १९६० मध्यें हें प्रमाण बासष्टांवर गेलें. यांत युद्धोत्तर भरभराटीचा वांटा होता, तसाच सरकारी हमीचा आणि ती हमी ज्याच्या सहीवर उभी होती त्या पारख्याचाही होता. त्याच सहीनें लक्षावधि कुटुंबांना उंबऱ्याबाहेर ठेवलें, हेंही तितकेंच खरें. डेट्रॉइटची ती भिंत अजून उभी आहे. २००६ सालीं तिच्या एका भागावर रहिवाशांनीं व कलावंतांनीं मिळून चित्रें रंगविलीं. घराचें मोल ठरविणारा माणूस नकळत माणसांचेंही मोल ठरवीत असतो. म्हणून त्याच्या हातीं तराजू देण्यापूर्वीं समाजानें तराजूचीं पारडीं तपासून घ्यावींत, हाच या इतिहासाचा सांगावा आहे.